जोखमीचं घर

गुरुवार या वाराशी साखरबाईचं पूर्वी काहीच वैर नव्हतं. ते दिवाळीनंतर सुरू झालं. दर गुरुवारी दहाच्या सुमारास उसामधल्या रस्त्यानं एक पांढरी स्कूटी वडगाव रासाईत येई, साखरबाईच्या दारावरून न थांबता पुढे जाई आणि मेंदीच्या कुंपणापलीकडे, तिची धाकटी जाऊ धुरपदा हिच्या अंगणात थांबे.

स्कूटीवरची साधना शिरूरच्या एका संस्थेत कामाला होती. तान्ही मुलं असलेल्या काही घरी दर आठवड्याला जायचं, बाळाचं वजन करायचं, आईशी बोलायचं, हे तिचं काम. धुरपदाचा नातू रुद्र जन्मला तेव्हा दोन किलोचाही नव्हता आणि त्याची आई जेमतेम एकोणीस वर्षांची. ही कारणं साखरबाईला पाठ होती. पण कारण कळलं म्हणून पोटातलं दुखणं थांबलं, असा अनुभव तिला नव्हता.

भेट किती लांबली हे मोजायला तिनं घड्याळ लावलं नव्हतं. स्कूटी लागली की धुरपदाचं मांजर सीटवर चढून बसे आणि सीटवर ऊन आलं की उतरे. मांजर उतरलं म्हणजे पाऊण तास. मांजर दर गुरुवारी उतरे.

शेवटी तिनं कुंपणावरून विचारलंच, "धुरपे, तुझ्याच दारात का गं थांबती ही बया?"

"आमचं जोखमीचं घर हाय म्हनं, बाई," धुरपदा म्हणाली. "कागदावर तसं लिवलंय."

ते ऐकून साखरबाई दोन दिवस जेवली नाही नीट. तिची सासू मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, तेव्हा गळ्यातली पुतळ्यांची माळ फडक्यात बांधून उशाला घ्यायची आणि म्हणायची, "जपून निजा गं, जोखीम हाय." साखरबाईला माहीत असलेली जोखीम ही एवढी. सोनं. आणि धुरपदाच्या गळ्यात तर काळ्या मण्यांखेरीज काही नव्हतं! सासूची माळ वाटणीत थोरलीकडे, म्हणजे साखरबाईकडे आली होती. खरं जोखमीचं घर कुठलं हे उभ्या गावाला ठाऊक, फक्त संस्थेला ठाऊक नाही.

शिवाय तान्हं काय एकट्या धुरपदाकडेच होतं? साखरबाईची नात समृद्धी पाच महिन्यांची होती. मुलगा ज्ञानेश रांजणगावच्या कंपनीत. कारेगावला खोली करून राही, रविवारी येई. आणि सून प्रगती, बारावी पास, म्हणजे शांततेची मूर्ती. तिचे गुण साखरबाई चारचौघींत सांगे. "पोरगी रडून निळी झाली तरी ही हलत न्हाई. भाजी करपली तरी चुलीकडं बघत बसती. आठ आठ दिस डोक्याला फणी न्हाई, आरशाची हौस म्हनून न्हाई. दिवा घिऊन हुडकली तरी अशी सून गावायची न्हाई." बायका माना डोलवत. काहींना हेवाही वाटे.

पुढच्या गुरुवारी साखरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, गळ्यात पुतळ्यांची माळ घालून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. स्कूटीला ब्रेक लावावा लागला.

"ताई, आमच्या दारात काय काटं पेरल्यात का?"

"तसं नाही हो आजी. यादीत नाव असेल तिथंच..."

"यादी कुनी क्येली? धुरपीच्या घरात कसली आलीया जोखीम? जोखीम आमच्यात हाय. ही बघा!" तिनं माळ पुढे धरली.

साधनाला हसू आलं, ते तिनं ओठांतच दाबलं. "घरात बाळ आहे का?"

"हाय की."

"आणि बाळाची आई? बरी आहे ना?"

"लई शांत," साखरबाईनं शिफारस केली. "पोरगी रडून निळी झाली तरी हलत न्हाई."

साधनाचं हसू गेलं. तिनं स्कूटी वळवून साखरबाईच्या अंगणात लावली. कुंपणापलीकडे धुरपदा हातात खराटा घेऊन नुसतीच उभी राहिली. तो क्षण साखरबाईनं नीट पाहून घेतला.

घरात साधनानं फॉर्म काढला. झोप लागते का, असा पहिला प्रश्न होता.

"लागती की," साखरबाई म्हणाली.

"मोकळं बोलायला कुणी आहे का?"

"मी हाय न्हवं? मी बोलती, ती ऐकती."

प्रगती जमिनीकडे बघत होती. साधनानं पेन खाली ठेवलं. "आजी, समृद्धीला जरा उन्हात घेऊन बसता? तुमच्यासारखं बाळ धरायला आम्हाला नाही जमत."

या स्तुतीवर साखरबाई बाहेर आली आणि बरोबर खिडकीखाली बसली.  मग आतून प्रगतीचा आवाज आला.

"ताई, ही रडती ना, तवा मला वाटतं शेजारच्या घरातलं बाळ रडतंय. त्याच्या घरचं कुणीतरी उचलून घेईल त्याला."

आणि मग ती रडायला लागली. पाच महिन्यांत साखरबाईनं तिचं रडणं पहिल्यांदाच ऐकलं. मांडीवर समृद्धी माळेतली पुतळी चोखत होती. साखरबाईनं ती काढून घेतली नाही.

साधना बाहेर आली. "दर गुरुवारी येईन. तिला डॉक्टरांना दाखवायला हवं. ज्ञानेशशी मी बोलते."

"म्हंजी आमचं घर जोखमीचं?"

"हो, आजी."

"सोन्याची न्हवं ही जोखीम."

"नाही."

साखरबाईनं पदर ओढून माळ झाकली. "आन् मी गावभर तिचं कौतुक सांगत फिरले."

"मलाही सांगितलंत, म्हणून तर थांबले."

त्यानंतर स्कूटी गुरुवारी दोन घरी थांबू लागली. प्रगतीला औषध सुरू झालं. ती फणी शोधू लागली, आणि समृद्धी रडली की कधी स्वतः उठू लागली, कधी नाही. साखरबाईला आता सुख लागायला हवं होतं. पण ताई येई ती सुनेसाठी. दोघी आत तासभर बोलत. एकदा तर हसल्या, आणि कशाला ते कुणी सांगितलं नाही. साखरबाईच्या पोटात पुन्हा दुखू लागलं, आणि या खेपेला मधे कुंपणही नव्हतं.

एका गुरुवारी तिनं साधनाला निघता निघता गाठलं.

"त्यो दुसरा सवाल हाय न्हवं कागदात? मोकळं बोलायला कुनी हाय का म्हनून?"

"आहे."

"माझी पयली पोरगी मेंढरांच्या तळावर झाली, कोकणच्या वाटंला. तिसऱ्या दिशी बिऱ्हाड घोड्यावर लादलं आन् चालाय लागलो. ती काय ऱ्हायली न्हाई." साखरबाई स्कूटीच्या आरशाकडे बघत होती. "तवा कुनी इचारलं न्हाई. मला बी इचारा की."

फॉर्मवर आजीसाठी रकाना नव्हता. साधनानं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि ओट्यावर बसली.

पलीकडे धुरपदा तेच अंगण तिसऱ्यांदा झाडत होती. तिचं मांजर साखरबाईच्या दारातल्या सीटवरून केव्हाच उतरलं होतं.