लाल दोऱ्याचे स्टोअर्सराव

स्टोअर्सरावांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, पण लाल दोऱ्याचं रीळ हमखास असायचं. म्हैसूरजवळ कडकोळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं भांडार सांभाळलं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. घराण्यातली माणसं म्हणे म्हैसूरच्या फौजेत होती. राव भांडाराच्या दारात उभे राहायचेही तसेच, पहाऱ्यावर असल्यासारखे.

त्यांची पद्धत अगदी साधी. कुठल्याही सुट्या भागाचा शेवटचा खोका ते लाल दोऱ्याने बांधून ठेवत. माल वापरता वापरता त्या खोक्यापाशी आलं, की नवी मागणी खरेदी खात्याकडे गेलीच पाहिजे. खरेदीत मी होतो. "नोडप्पा, बघ बाबा, दोरा दिसला की ऑर्डर. अष्टे," असं ते मला बजावत. हे 'अष्टे', म्हणजे 'एवढंच', त्यांच्या तोंडून निघालं की विषय संपला. पंपातून पाणी गळू न देणारी सील परदेशातून जहाजाने येत, म्हणून त्यांच्या दोन खोक्यांना दोरा असे. जहाजाचा काय नेम, असं त्यांचं म्हणणं.

चूक म्हणायची तर त्यांनी एकच केली. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळे आपापल्या यंत्राला कुंकू लावत, कोहळा फोडत. रावांकडे यंत्र कुठलं? ते दोऱ्याच्या खोक्यांना कुंकू लावत. बंगळूरहून आलेल्या नव्या साहेबांनी ते पाहिलं आणि दोरा हे देवाधर्माचं प्रकरण आहे, असं ठरवून टाकलं. एका शब्दाने विचारायची तसदी घेतली नाही. 'अंधश्रद्धेपायी अडकलेला माल' असं अहवालात लिहून खोके विकायचा हुकूम काढला. माल लागेल तेव्हाच मागवायचा, हे त्यांचं नवं शास्त्र.

रावांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं. दोऱ्याचा खोका विकू नये, तो गेला तर काम थांबेल. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि साहेबांकडे पोचवायला माझ्या हातात दिलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. साहेब नवे, आपण कशाला वाकड्यात शिरा.

खोके विकले गेले. काही महिन्यांत समुद्रात कुठेतरी भांडण पेटलं. जहाजं लांबच्या वाटेने फिरू लागली आणि आमची सील अडकली. बाकी सगळा पंप तयार, पण एका सीलवाचून जोडणी बंद. फाटकाबाहेर रिकामे ट्रक उभे आणि ड्रायव्हर त्यांच्याच सावलीत भात शिजवत बसलेले. उशिरापायी गिऱ्हाइकांनी दंड लावला. शेवटी सील विमानाने आणावी लागली. या सगळ्याची झळ कुणाला लागली? साहेबांच्या केबिनमधला एसी एक दिवस बंद झाला नाही. कंत्राटी कामगारांना मात्र 'कळवू' म्हणून घरी पाठवलं, आणि कित्येकांना अजून कळवलेलं नाही. ते आठवलं की आजही अंगाची लाही होते.

दोषी ठरले कोण, तर स्टोअर्सराव. भांडाराने वेळेवर सांगितलं नाही, असं साहेब भर बैठकीत म्हणाले. राव माझ्याकडे वळले, धाकट्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले, "तम्मा, माझं पत्र वाचून दाखव की."

शोधावं लागेल, असं मी म्हणालो. ड्रॉवर दहा पावलांवर होता. निवृत्तीनंतर मिळालेली त्यांची मुदतवाढ त्याच आठवड्यात रद्द झाली.

गेल्या महिन्यात सल्लागार आले. सभागृहात पडद्यावर त्यांनी नवी योजना दाखवली: प्रत्येक भागाचा शेवटचा खोका राखून ठेवायचा आणि त्यावर लाल स्टिकर लावायचा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी तडक देवराज मोहल्ल्यात रावांच्या घरी गेलो आणि तावातावाने सगळं सांगितलं. तुमची पद्धत ढापली आणि वर मिरवतात, वगैरे.

रावांनी कॉफी पुढे केली. "सुम्ने, उगाच कशाला तापतोस," ते म्हणाले. "खोका राहिला तर पोरांचं काम राहील, बरंच झालं. दोऱ्यावर माझं नाव नव्हतंच, तम्मा. पत्रावर होतं. अष्टे."

त्यांनी विषय संपवला. पत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या बैठकीत किंवा सभागृहात उभं राहून ते वाचायला मला तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं, आजही कुणी अडवलेलं नाही.