खंडूच्या खुब्यांसाठी डोंबिवली ते शहाड

टेंपोवाल्याने सोसायटीच्या फाटकात गाडी उभी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "मास्तर, माल काय हाय?"

"कुत्रा," मी म्हणालो.

"आनि?"

"आणि आमची आई."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टेंपोच्या हौद्याकडे. हौद्यात सकाळच्या भाजीचे अवशेष होते. कोबीचा पाला आणि एक दबलेला टोमॅटो. "आयेला फुडं बसवा," तो म्हणाला, "कुतरा न तुमी मागं." काशिनाथ त्याचं नाव. दिव्याकडच्या खाडीकाठच्या गावातला. माणूस सरळ होता, हे मला लगेच पटलं, कारण त्याआधी तीन रिक्षावाले खंडूला बघून मीटर न पाडताच निघून गेले होते.

मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या समोरच्या बिऱ्हाडाने नुकताच युरोप पाहिला होता आणि त्याच्या स्लाइड्स सगळ्या सोसायटीला दोन रविवार दाखवल्या होत्या. त्यांच्या प्रवासात जे नव्हतं ते सगळं आमच्या प्रवासात होतं: ध्येय, अडचण आणि केस गळणारा सहप्रवासी. म्हणून हे लिहायला बसलो आहे. डोंबिवलीहून ठाणे आणि ठाण्याहून शहाड एवढीच मजल, पण नकाशात दिसतं त्यापेक्षा ती बरीच लांब आहे.

खंडू हा अल्सेशियन. माझ्या मेहुण्याची बदली झाली तेव्हा पिलू असताना आमच्याकडे "चार दिवस" आला आणि पाच वर्षं राहिला. अलीकडे मात्र त्याचे मागचे पाय त्याचं ऐकेनासे झाले होते. मोझॅकच्या फरशीवर ते फाकायचे, उठताना तो कण्हायचा, आणि तिसऱ्या मजल्याचा जिना म्हणजे त्याला हिमालय. सोसायटीत प्रत्येकाकडे यावर औषध होतं. कोणी नारायण तेल सांगितलं, कोणी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. "या जातीला डोंबिवलीचं पाणी सोसत नाही," असं एकांनी ठामपणे सांगितलं. मला तरी कुठे सोसतं? शेवटी एसटीडी बूथवरून नौपाड्यातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ते फक्त गुरुवारी बघत.

गुरुवार म्हटल्यावर आई उठून बसली. "मग मी येणार," ती म्हणाली.

इथे आईचा गुरुवार समजावून सांगायला हवा. मी लहानपणी टायफॉइडने पार हातचा जाणार होतो, तेव्हा तिने दत्ताला नवस बोलला: मुलगा वाचू दे, दर गुरुवारी उपास करीन आणि कुत्र्याच्या मुखात घास गेल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. मी वाचलो. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ती तुपाची पोळी घेऊन गल्लीत कुत्रं शोधत हिंडायची. खंडू आला आणि दत्ताने तिची पायपीट वाचवली. पण ही सोय सगळ्या इमारतीच्या लक्षात आली. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. सोसायटीत कुत्रा एकच. त्यामुळे चारी वेदांचा नैवेद्य एकटा खंडू खात होता. पेढे, पुरणपोळी, चंपाषष्ठीला भरीत-रोडगा. त्याचं पुण्य वाढलं की नाही कोण जाणे, वजन मात्र वाढलं.

त्याला खाली उतरवायला आईचं जुनं लुगडं कामाला आलं. घडी करून ते त्याच्या पोटाखालून मागच्या पायांपुढे घ्यायचं, दोन्ही टोकं वर धरायची आणि मागचा भार आपण उचलायचा. पुढून खंडू चालतो, मागून मी. तीन मजले उतरेपर्यंत प्रत्येक दारातून विचारणा झाली, "आज प्रसाद लवकर द्यायचा का?" सौ. पाणी यायची वेळ म्हणून घरी थांबली. ती या प्रवासातली सर्वांत शहाणी व्यक्ती.

शिळफाट्यापर्यंत खंडू झोपला. मुंब्र्याला डोंगर पाहून उठला आणि त्याच्यावर भुंकला. कळव्याच्या पुलावर खाडीचा वास आला तसं त्याने नाक वर केलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मी त्याला खाडी, भरती, मिठागरं असं सगळं समजावून सांगितलं. वर्गातल्या मुलांपेक्षा त्याने लक्ष दिलं.

नौपाडा म्हणजे ठाण्याचा सभ्य भाग. तिथे कुत्रीसुद्धा हळू आवाजात भुंकतात. डॉक्टरांचा दवाखाना सापडला, पण तो पहिल्या मजल्यावर होता. खुब्याच्या दुखण्याचा तज्ज्ञ जिना चढून गेल्यावर भेटतो, यात काही वावगं आहे असं तिथे कोणालाच वाटत नव्हतं. पुन्हा लुगडं, पुन्हा चढाई.

डॉक्टर साठीचे, बोलायला तुटक. त्यांनी खंडूचे पाय मागे ओढून पाहिले, त्यांनी फोनवर सांगितल्यावरून जनावरांच्या मोठ्या दवाखान्यातून आम्ही आधीच काढून आणलेली एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली. "हिप डिस्प्लेझिया," ते म्हणाले. "खुब्याची वाटी उथळ आहे. हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, घसरतो, घासतो. उपजत दोष आहे. तुमच्या पाण्याचा संबंध नाही."

"बरा होईल ना?"

"बरा होणार नाही. सांभाळता येईल. खायला काय घालता?"

"सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी भात," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि काही नाही."

एवढ्यात खंडूने आईच्या पिशवीत तोंड घातलं. डॉक्टरांनी पिशवीतून डबा काढला आणि उघडला. तुपात भिजलेल्या दोन पोळ्या, वर पेढे.

"ते त्याचं नाही," आई म्हणाली. "ते दत्ताचं आहे."

"आजी, दत्ताचे खुबे ठीक आहेत. याचे नाहीत."

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. जिना लुगड्याच्या आधारानेच. घरात गुळगुळीत फरशीवर सतरंज्या किंवा गोणपाट. एकदम लांब फेरी नको, थोडं थोडं चालवायचं. थंडीत गरम पाण्याच्या पिशवीने शेक. जमलं तर पोहायला न्यायचं, कारण पाण्यात खुब्यावर भार पडत नाही आणि पायाचे स्नायू घट्ट होतात. आणि सगळ्यात आधी वजन. तूप, गोड, भात बंद. मोजकं खाणं आणि उकडलेल्या भाज्या.

"वजन उतरलं तर हा म्हातारा होईल," ते म्हणाले. "नाही उतरलं तर वर्षभरात उठणं बंद होईल. मग झोपवावा लागेल."

"झोपवायचा म्हणजे?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडे पाहिलं. आईला समजलं. तिने डब्याचं झाकण लावलं, पण डबा पिशवीत ठेवला नाही, मांडीवर धरून बसली. मला आईचा राग येत होता, आणि तिच्या नवसावर जगलेला मी कोणत्या तोंडाने रागावणार हेही कळत नव्हतं.

खाली उतरल्यावर मी मिसळ खाल्ली. आई उपाशी, कुत्रा पथ्यावर आणि मी तर्री मागून घेतली. प्रवासवर्णनात स्थानिक खाद्यपदार्थ यावा लागतो. चव छान होती, अर्धी ताटलीत टाकून उठलो.

पोहायचा प्रश्न होता. डोंबिवलीत पाणी नळाला येतं आणि तेही मनात असेल तेव्हा. "इथं तलावपाळी हाय ना," काशिनाथ म्हणाला. आम्ही खंडूला तलावाच्या काठावर आणलं. तिथे होड्या चालवणारा एक गृहस्थ धावत आला. "कुत्रा पाण्यात नाय चालणार."

"चालणार नाही, पोहणार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग बोटीत बसवा. तिकीट लागेल. तुमचं पण."

मी त्याला खुब्याच्या उथळ वाटीबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वजन किती? बोट कलंडेल." तोवर भेळ खाणाऱ्या तीन कुटुंबांनी खंडूला शेव टाकली होती. त्याच्या जबड्यातून मी अर्धी परत काढली. बाकीची त्यानं गिळली.

"माजी मावशी ऱ्हाते शहाडला, नदीवं," काशिनाथ म्हणाला. "तिथं कोन नाय बोलनार. मना तसा पन तिला भेटाचा हाय." मला तसंही भेटायचं आहे, असं तो म्हणाला, पण आईचा उतरलेला चेहरा बघून त्याने हे ठरवलं असावं. कशेळीवरून, भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटातून आम्ही कल्याणात शिरलो. दुर्गाडी किल्ला दिसला तेव्हा मी हौद्यात उभा राहून त्याची माहिती सांगू लागलो, तोच खड्डा आला आणि मी कोबीच्या पाल्यात बसलो. इतिहास तिथेच थांबला.

शहाडला उल्हास नदीच्या काठी मावशीचं घर. हिरामावशी अंगणात म्हावरं (मासळी) सुकत घालत होती. खंडू, ज्याला सकाळपासून आम्ही लुगड्याने वाहत होतो, तो जवळ्याच्या (बारीक सुक्या कोळंबीच्या) वासाने स्वतःच्या चार पायांवर उभा राहिला आणि चालू लागला. मी त्याचा पट्टा धरला.

"खाव द्या की त्याला," हिरामावशी म्हणाली. "भुका हाय बिचारा."

"पथ्य आहे हो."

"कुत्र्याला पथ्य?" ती इतकी हसली की तिला टेकावं लागलं. डोंबिवली असो, नौपाडा असो, नदीकाठ असो, कुत्रा दिसला की त्याच्या तोंडात काहीतरी घालावं ही आपल्या लोकांची एकमेव एकात्मता आहे, असं माझं मत झालं आहे.

पाण्याजवळ मात्र खंडू अडून बसला. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, बोलावलं, ओरडलो. काशिनाथने मागून ढकललं. तो ढिम्म. शेवटी आई उठली. नऊवारीचा ओचा खोचून ती उतारावरून पाण्यात आली. मी "अगं आई, पडशील" म्हणेपर्यंत ती माझ्याही पुढे गेली होती. "खंडू, ये रे," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जशी मला जेवायला हाक मारते तशी.

तो आला. लुगडं पोटाखाली होतं, टोकं माझ्या हातात. दोन पावलं चिखलातून घसरत आला आणि मग पाण्याने त्याला उचललं. लुगड्यावरचा भार गेला. माझ्या हातात नुसतं ओलं कापड राहिलं. मागचे पाय, जे महिनोन्‌महिने त्याच्यामागे फरफटत होते, ते पाण्याखाली सपासप चालत होते. तो आईभोवती एक फेरी मारून आला, मग दुसरी. कण्हणं नाही, थांबणं नाही. मला रडू आलं. काशिनाथसमोर रडायचं नाही म्हणून मी तोंडावर पाणी मारलं.

आई नुसती बघत होती. "त्याला दुखत नाहीये," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "एवढं जड केलं आपण याला."

निघताना तिने डबा हिरामावशीच्या हाती दिला. "तुमच्या नातवंडांना," म्हणाली. गुरुवारची संध्याकाळ होत आली होती, ती सकाळपासून पाण्यावर होती आणि आता कुत्र्याच्या मुखात घालायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

सोसायटीत पोचलो तर जिन्यात वेदपाठशाळा भरली होती. पहिल्या मजल्यावर शिऱ्याची वाटी, दुसऱ्यावर पेढे, दोन्हीकडे प्रेमळ चेहरे. मी लुगडं धरून खंडूमागे वाकलेलो. मनात म्हटलं, आता खुब्याची वाटी, हाडाचा गोळा, सगळं पुन्हा समजावून सांगायचं आणि कोणी ऐकायचं नाही. आई पुढे झाली.

"आज नको," ती म्हणाली. "त्याने गुरुवार धरलाय."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेढा मागे घेतला. ज्याला उपास आहे त्याला आग्रह करायचा नाही, एवढं तर आमच्याकडे सगळ्यांना कळतं. डॉक्टरांच्या पदवीला जे जमलं नसतं ते एका वाक्यात झालं.

पण आमची माणसं अशी हार मानणारी नव्हेत. "मग साबुदाण्याची खिचडी आणू का?" काकूंनी विचारलं. "तूप घालूनच केलीये."

"निरंकार आहे," आई म्हणाली. "आणि दर गुरुवारी असणार आहे. बाकीच्या दिवशी डॉक्टरांचं पथ्य."

"किती गुरुवार?"

"आयुष्यभराचे."

एकीने खंडूला नमस्कार केला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो.

खंडूचा आजार गेला नाही. तो जाणारा नव्हताच. पावसाळी हवेत तो सकाळी अवघडूनच उठायचा आणि लुगडं शेवटपर्यंत सुटलं नाही. पण घरभर गोणपाट अंथरलं, महिन्यातून दोनदा काशिनाथचा टेंपो शहाडला जाऊ लागला, आणि थंडी येईपर्यंत खंडूच्या फासळ्या हाताला लागायला लागल्या. तो म्हातारा झाला. युरोप पाहिलेले शेजारी आता मला विचारतात, तुम्ही कुठे फिरलात? मी शहाड सांगतो.

त्या संध्याकाळी दार लावल्यावर मी आईला म्हणालो, "आता तू तरी दोन घास खा. दत्त समजून घेईल."

"त्याने खाल्ल्याशिवाय मी कशी खाऊ?"

"अगं, पण त्याला निरंकार सांगितलास ना?"

"ते जिन्यात," आई म्हणाली.

सौ.ने दुधी उकडून ठेवला होता, बिनमिठाचा, बिनतुपाचा. आईने पहिला घास खंडूच्या मुखात घातला. त्याने तिच्याकडे दुखावून पाहिलं आणि गिळला. मग तिने त्याच पातेल्यातला दुधी आपल्या ताटात वाढून घेतला. मी मीठ पुढे केलं. तिने नको म्हटलं. त्यानंतर प्रत्येक गुरुवारचा उपास तिने तसाच सोडला, आणि दुधी तिला जन्मात आवडला नव्हता.