न केलेला ताळा

कुमुद गेल्याचं तिच्या यजमानांनी, भाऊसाहेबांनी, फोनवर सांगितलं. "झोपेतच गेली," म्हणाले. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, ती राहूनच गेली. म्हणून ती इथे लिहितो आहे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळच्या एका संस्थेत आम्ही एकाच सरांकडे संशोधन करत होतो. मी गिरगावातून यायचो, ती भोईवाड्यातून चालत. रेणूतले इलेक्ट्रॉन कुठे असतात हे सगळेच काढत. कुमुद ते कोणत्या दिशेने किती वेगाने जातात याचा नकाशा काढत होती. संवेगाची घनता म्हणतात तिला. हाताने फिरवायच्या यंत्रावर महिनोन्महिने आकडेमोड. दांडा फिरवताना ती गुणगुणायची आणि मी मान वर केली की थांबायची. मी मुद्दामच उशिरा मान वर करायचो. हायड्रोजनचा नकाशा पुरा झाला, तो दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेला आडवा फुगलेला निघाला. मला हसू आलं.

"बंध पूर्व-पश्चिम, आणि तुमचे इलेक्ट्रॉन पळतात दक्षिणोत्तर? अक्ष उलटे घेतलेत तुम्ही."

"नाही घेतले. इकडे खिडकीशी या." खाली रस्त्याने मोर्चा चालला होता. "रस्त्याच्या लांबीला जागा आहे, तिकडे बघा, माणसं कशी संथ चाललीत. आडव्या बाजूला जागाच नाही, तर तिकडे नुसती धक्काबुक्की. इलेक्ट्रॉनला बंधाच्या दिशेने ऐसपैस जागा मिळते, म्हणून तिकडे वेग कमी."

"मोर्चावरून रसायनशास्त्र शिकवता होय?"

"गिरगावकराला आणखी कशावरून समजणार, दामले?"

सरांनी तिच्या आकडेमोडीचा ताळा करायला मलाच सांगितलं. मी तो केलाच नाही. तिचं बरोबर निघालं तर, ही धास्ती होती, आज कबूल करतो. "अक्षांची चूक आहे," असं सांगून मोकळा झालो. सरांनी तो विषयच तिच्याकडून काढून घेतला. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने यंत्रावर कापड घातलं आणि पुढे दादरच्या एका शाळेत नोकरी धरली. प्रबंध अर्धाच राहिला. माझा पुरा झाला.

काही वर्षांनी एका परदेशी नियतकालिकाच्या जुन्या अंकात तोच नकाशा दिसला, तसाच आडवा फुगलेला, आम्ही सुरुवात करण्याआधीच छापलेला. पुढे इलेक्ट्रॉनच्या घनतेवरच रेणूचं सारं गणित मांडायची पद्धत आली, संगणक आले. माझ्या विद्यार्थ्याने पडद्यावर तो फुगवटा काढून दाखवला तेव्हा मी चष्मा पुसत बसलो. दर दिवाळीला मी कुमुदकडे जायचो. चकल्या खाल्ल्या, नातवंडांची चौकशी केली. ते तेवढं बोललो नाही.

परवा भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तिला ठाऊक होतं. एका जुन्या विद्यार्थ्याने तो नकाशा छापलेलं पुस्तक आणून दिलं होतं, त्यालाही खूप वर्षं झाली."

"मग मला कधी बोलल्या नाहीत?"

"मीही तेच विचारायचो. तर म्हणायची, ताळा त्यांच्याकडे दिलाय, त्यांनीच सांगायचा."

दर दिवाळीला निघताना मी चपला घालत असायचो आणि कुमुद दार धरून उभी असायची. "अजून काही?" विचारायची. मला वाटे, फराळाचं विचारते आहे. "काही नाही, येतो," म्हणून मी जिना उतरू लागायचो. दार लागल्याचा आवाज मात्र मी पार खालच्या पायरीवर पोचल्यावर यायचा...