झेंड्यांवरचे पट्टे

मला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या खेळात एका सैन्याचे झेंडे लाल, दुसऱ्याचे हिरवे; त्यामुळे मी आपल्याच सैन्यावर तोफा डागायचो. शेवटी वैतागून खेळणंच सोडलं.

परवा मुलगी म्हणाली, "बाबा, या खेळात कुणालाही बदल करता येतात. एकाने शत्रूच्या झेंड्यांवर पट्टे आखलेत. तो बदल आपल्या खेळात घालून देऊ?"

पट्टे आले आणि पहिल्यांदाच मला शत्रू कोण ते कळलं. त्या अनोळखी माणसाला मी आभार कळवले. त्याचं उत्तर आलं, "मलाही ते रंग कळत नाहीत."

स्वतःची अडचण सुटल्यावर तो गप्प बसू शकला असता. खेळ बनवणाऱ्यांनीही बदलांची मुभा न देता सगळं कुलपात ठेवलं असतं, तर कोण विचारणार होतं? यातल्या कुणालाच मी ओळखत नाही. तरी खेळायला बसलो की वाटतं, आपली कुणीतरी आठवण ठेवली आहे.