न वाचलेल्या मसुद्यावरची हरकत

माझ्या फजितीचे किस्से आमच्याकडे बऱ्याच जणांना पाठ आहेत. साहेबांच्या बदलीच्या समारंभात मी त्यांना चुकून श्रद्धांजली वाहिली होती, तो. शेजाऱ्याचा समजून स्वतःच्याच कुंपणाच्या गडग्याविरुद्ध तहसीलदाराकडे अर्ज केला होता, तो. लग्नाकार्यात पंगत बसायला उशीर असला की कुणीतरी म्हणतंच, ‘सांगा हो तो गडग्याचा.’ मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. मुंबईच्या जनसुनावणीचा किस्साही मी शंभर वेळा सांगितला असेल – पण अर्धाच. हशा संपतो तिथे मी थांबतो. उरलेला अर्धा बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हांला का सांगतोय? तेही मला नीटसं कळलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं उलटली होती. रत्नागिरीत आमचं एक ग्राहक मंडळ होतं. मंडळ म्हणजे काय – अध्यक्ष आप्पा, निवृत्त हेडमास्तर; सेक्रेटरी मी; आणि चहाला येणारे बाकीचे. मी पाटबंधारे खात्यात कारकून. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती मीच पसरवलेली होती.

त्या वर्षी पेपरात जाहिरात आली. वीजपुरवठ्याचे नवे नियम होणार होते – कनेक्शन कुणाला द्यायचं, कधी तोडायचं, मीटर नावावर कसं करायचं. त्यांचा मसुदा राज्याच्या वीज आयोगाने काढला होता आणि लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. आता रत्नागिरीकराकडून हरकत मागवणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे फेरफाराच्या नोंदीवर हरकत, रस्त्याच्या रुंदीवर हरकत, मयताच्या वारसांवर हरकत. इथे तर सरकार स्वतः मागत होतं. मंडळाच्या सभेला कधी नव्हे ती चाळीस माणसं जमली.

मसुदा इंग्रजीत होता. सत्तर-ऐंशी पानं. तो मी वाचून सगळ्यांना समजावून सांगायचा असं ठरलं. मी व्याख्यांपर्यंत वाचला. ‘ग्राहक म्हणजे’ या व्याख्येत एक वाक्य पाऊण पानभर चाललं होतं. त्या वाक्याच्या मध्यावर मला झोप लागली, ती नंतर कधी नीट उतरलीच नाही. पुढच्या सभेत आप्पांनी विचारलं, ‘वाचलास ना रे सगळा?’ मी म्हणालो, ‘दोनदा.’

दोनदा! एकदा म्हणालो असतो तरी चाललं असतं की नाही?

‘मग विरोध कशाकशाला करायचा?’

‘सगळ्यालाच करावा लागेल असं दिसतंय.’

आप्पा खूश झाले. ‘सरकारी मसुदा म्हटला की त्यात मेख असायचीच,’ म्हणाले.

त्या सभेला मालतीवहिनी आल्या होत्या. मालगुंडच्या अलीकडे, आमच्या गावच्या. माझ्या लांबच्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. त्या त्याच सामाईक घरात एकट्या राहायच्या आणि मागचं आगर सांभाळायच्या – दीडेकशे पोफळी, थोडे माड. पोफळीला रोजचं पाणी लागतं, ते विहिरीवरच्या पंपाने द्यायच्या. घरचं मीटर होतं चुलतसासऱ्यांच्या नावावर, म्हणजे वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या. यात काही विशेष नाही. आमच्या गावातली निम्मी मीटरं स्वर्गवासी माणसांच्या नावावर आहेत. बिल येतं, जिवंत माणसं भरतात, कुणाचं काही बिघडत नाही.

मालतीवहिनींचं बिघडलं. त्या चुलतसासऱ्यांचा मुलगा, म्हणजे वहिनींचा डोंबिवलीचा दीर – त्याला त्या घरातून जायला हव्या होत्या. त्याने वारस म्हणून अर्ज दिला, की घर बंद आहे, कनेक्शन तोडावं. वायरमन आला आणि तोडून गेला. वहिनी पडवीत उभ्या राहून ‘अहो, मी राहत्ये ना इथे’ म्हणत होत्या. पण अर्ज मीटरवाल्याच्या वारसाचा होता. नवं कनेक्शन मागायला गेल्या, तर कचेरीत सांगितलं की सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं आणा. हिस्सेदार अकरा. त्यात एक बडोद्याचा, दोघांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, आणि एक तो दीर.

तेव्हापासून त्या पोहऱ्याने पाणी काढत होत्या. दीडशे पोफळींना. पन्नाशीच्या बाईने.

सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. हातात वहीचा कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. ‘भावोजी, तुम्ही मुंबईस जाणार म्हणे. माझं येवढंच सांगा हो त्यांना. जो घरात राहतो, त्याला रेशनकार्ड बघून मीटर द्या म्हणावं. मेल्यांच्या संमत्या कुठून आणू मी?’

‘मेल्यांच्या की जित्यांच्या?’ मी विचारलं.

‘दोन्ही मेलेच,’ त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघं हसलो.

मी त्यांचा मुद्दा निवेदनात घातला. सातवा मुद्दा. अगदी मनापासून, चांगल्या भाषेत घातला. वर मात्र, पहिल्याच परिच्छेदात, ठणकावून लिहिलं होतं, की मसुद्यातल्या कलम तीन ते कलम वीस या सर्व कलमांना आमचा तीव्र विरोध आहे. सहा प्रती, सोबत शपथपत्र, खाली चाळीस सह्या. वहिनींची सहीही होती. सही करताना त्यांनी सगळं वाचलं होतं. ‘सर्व कलमांना म्हणजे हो?’ असं विचारलंही. ‘तशी पद्धत असते,’ मी म्हणालो.

इथून पुढे तो किस्सा. कोकण रेल्वेने मी मुंबईला गेलो. कडक इस्त्रीचा शर्ट, फाइलला लाल फीत, खिशात भाषण. आयोगाची इमारत उंच होती आणि लिफ्टमध्ये मी चुकून दोन मजले वर जाऊन कुठल्याशा कंपनीच्या मुलाखतीच्या रांगेत बसलो. तिथे मला विचारलं, ‘अनुभव किती वर्षांचा?’ मी म्हणालो, ‘तक्रारींचा? जन्मापासूनचा.’ हे मी पंगतीत सांगतो तेव्हा लोकांच्या हातातली भजी खाली पडतात. मग मी सभागृहात कसा पोचलो, तीन मिनिटांच्या भाषणातली दोन मिनिटं सन्माननीयांची नावं घेण्यात कशी गेली – इथपर्यंत सांगतो. आणि पाणी पितो.

पाणी पिऊन झाल्यावर काय झालं, ते हे.

व्यासपीठावरच्या सदस्यांपैकी एकांनी माझं निवेदन खरोखरच वाचलं होतं. याची मला कल्पनाच नव्हती. आपला अर्ज कुणी वाचतो, ही कल्पना मी आयुष्यभर कधी केली नव्हती, सरकारी कारकून असूनसुद्धा – की कारकून असल्यामुळेच? ते शांतपणे म्हणाले, ‘तुमचा सातवा मुद्दा चांगला आहे. पण राहत्या माणसाला, हिस्सेदारांच्या संमतीशिवाय, राहण्याच्या पुराव्यावर कनेक्शन द्यायचं, हे आम्ही कलम नऊमध्ये प्रस्तावित केलेलंच आहे. आणि तुम्ही तर कलम नऊला विरोध केलाय. मला जरा समजावून सांगा.’

म्हणजे – वहिनींना जे हवं होतं, ते त्या मसुद्यात लिहिलेलं होतं. आधीपासूनच. चव्वेचाळीसाव्या पानावर. मी व्याख्यांत झोपलो होतो.

‘साहेब, चूक झाली, मी वाचलं नव्हतं.’ एवढंच म्हणायचं होतं. या एका वाक्याला किती वेळ लागतो? मी अनेकदा घड्याळ लावून बघितलंय. तीन सेकंद.

सभागृहात दीड-दोनशे माणसं होती. पुण्याचे, नाशिकचे, मोठमोठे अभ्यासू लोक, मसुद्याच्या पानापानाला चिठ्ठ्या लावून आलेले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ऐकलं, की मी म्हणतोय, ‘सातवा मुद्दा आमच्याकडून अनवधानाने आला आहे. तो वगळावा. कलम नऊला आमचा विरोध कायम आहे.’

सदस्यांनी विचारलं, ‘कारण?’

आणि मला कारण सुचलं! हेच मला आजतागायत उमगलेलं नाही. एरवी बायकोने उशीर का झाला विचारलं तर मला कारण सुचत नाही. इथे मात्र मी घडाघडा बोललो. कोकणातली हजारो घरं मुंबईकरांची आहेत, ती वर्षातून दोनदा उघडतात, अशा घरात कुणी रेशनकार्ड दाखवून परस्पर मीटर घेतलं तर उद्या तो मालकीचाच पुरावा म्हणून उभा राहील, घरंच्या घरं बळकावली जातील, गरीब चाकरमान्याने आयुष्यभर घाम गाळून राखलेलं छप्पर – वगैरे. मागे बरेच मुंबईकर बसले होते. टाळ्या पडल्या.

मला आयुष्यात टाळ्या तेवढ्याच मिळाल्या. खोटं का सांगू – मला आवडल्या. बाहेर आल्यावर एकाने माझा हात हातात घेतला, डोंबिवलीचाच होता, म्हणाला, ‘आमच्या मनातलं बोललात.’ मी त्याच्याबरोबर चहा प्यालो. वहिनींचा वहीचा कागद त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात, भाषणाला चिकटून होता.

मी तेव्हा जे बोललो ते मला खरं वाटत होतं का? कधी वाटतं, होतं. त्या बोलण्यात थोडं तथ्यही होतं – म्हणूनच ते चाललं. कधी वाटतं, समोर दुसरं कलम असतं तर मी त्याचंही कारण दिलं असतं.

आप्पांना मी सांगितलं, खूप भांडलो. वहिनींना सांगितलं, ‘तुमचा मुद्दा मांडला. त्यांनी ऐकून घेतला. बघू.’ काही महिन्यांनी नियम जाहीर झाले. कलम नऊ बदललेलं होतं. सहहिस्सेदारांची संमती हवीच, असं त्यात आलं होतं. सोबत कारणं देणारं पुस्तक होतं. त्यात एक ओळ होती – काही ग्राहक प्रतिनिधींनी या तरतुदीला विरोध नोंदवला, तो विचारात घेण्यात आला. शेवटी बोललेल्यांची यादी होती, तीत माझं नाव.

‘काही’ म्हणजे किती? पाच? पन्नास? की मी एकटाच? हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारतोय. माझ्या एकट्यामुळे राज्याचा नियम बदलला असेल असं म्हणणं हा शहाण्या माणसाला शोभणारा विचार नाही. त्यात पुन्हा माझा तोच मोठेपणा आहे. आणि माझ्यामुळे काहीच झालं नाही असं म्हणावं, तर ती सोय आहे. या दोहोंच्या मध्ये मी कुठे उभा राहू, ते मला समजत नाही.

वहिनींना मी म्हणालो, ‘नाही ऐकलं त्यांनी. आपल्यासारख्यांचं कोण ऐकतो?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही गेलात, बोललात, तेच पुष्कळ हो.’ त्या वर्षी गणपतीत त्यांनी आमच्याकडे नारळ पाठवले. मी घेतले.

आता जे सांगायचं आहे, ते इतका वेळ टाळत आलो, ते हे. सभागृहातली गोष्ट तीन मिनिटांची होती. माणूस गांगरतो, समजू शकतं. पण दोन वर्षांनी पुन्हा जाहिरात आली. त्याच नियमांत दुरुस्ती करायची होती. कोणकोणती कलमं फेरविचाराला घेतली होती, त्यांची यादी होती, आणि तीत कलम नऊ होतं. हरकती आणि सूचना पाठवायला एकवीस दिवस. या वेळी मसुदा मी वाचला. शब्दन् शब्द वाचला, कोश घेऊन वाचला. कुणी गांगरवत नव्हतं, कुणी बघत नव्हतं, तीन आठवडे हातात होते. एक पान लिहायचं होतं – आमच्या मंडळाचा आधीचा विरोध चुकून झाला, राहत्या माणसाला मीटर मिळावं. पण त्यावर आप्पांची सही लागली असती. आप्पांनी विचारलं असतं, आधीचा कुठला विरोध? फाइल निघाली असती. सातवा मुद्दा वगळल्याचं मुंबईहून आलेल्या इतिवृत्तात माझ्या नावासकट लिहिलेलं होतं. ते वहिनींपर्यंत पोचलं असतं.

सभेत आप्पांनी विचारलं, ‘या दुरुस्तीत आपल्या कामाचं आहे का काही?’ मी म्हणालो, ‘नाही. तांत्रिक आहे सगळं.’ माझ्या शब्दावर कुणी मसुदा उघडला नाही. हरकत घेतल्याशिवाय आमचं मंडळ गप्प बसल्याचा तो एकच प्रसंग.

मालतीवहिनी त्याच्या पुढच्या वैशाखात गेल्या, हर्ण्याला, माहेरी. पोफळी निम्म्या वाळल्या होत्या, खांदा कामातून गेला होता. दिराने घराला कुलूप लावलं. हर्ण्यात त्या अजूनही लोकांना सांगतात म्हणे, की आमचे भावोजी माझ्यासाठी मुंबईपर्यंत जाऊन भांडले.

पण त्या एकवीस दिवसांत त्या अजून त्याच घरात होत्या. शेवटच्या दिवशी काही कामाने मी गावी गेलो होतो. संध्याकाळी त्यांच्या विहिरीवरून वाट. त्या पाणी काढत होत्या. मला बघून थांबल्या, दोर हातातच ठेवून म्हणाल्या, ‘भावोजी, मीटरचं काही नवीन आलंय का हो पेपरात?’

मी म्हणालो, ‘नाही.’

त्यांनी मान हलवली आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.