पॅसेजमधले निळे ड्रम

मी शिकवायला जाणं का थांबवलं, असं तुम्ही दोघा नातवंडांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत आणि मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ते कारण नव्हे. खरं कारण आपल्या मजल्यावरच्या अक्का आहेत. ते फोनवर दोन वाक्यांत सांगवेना, म्हणून लिहिते.

माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. पोलीस ॲक्शननंतर दिवस बदलले, तसं त्यांनी मला हट्टानं इंग्रजी शिकवलं आणि त्या इंग्रजीवर मी जन्मभर कॉलेजात शिकवलं. निवृत्तीनंतर ती एका निराळ्या कामी आली. इथल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या कमिट्यांना दोन गोष्टी शिकवायच्या होत्या. इमारतीत म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची वाट कुठे अडू नये, ही एक. धर्म, जात, ताटातलं जेवण किंवा एकटी बाई पाहून कुणाला घर नाकारू नये, ही दुसरी. नियम सगळे जड इंग्रजीत. ते मी वाचायची आणि लोकांना कळेल अशा मराठीत सांगायची.

माझ्या जोडीला बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर होते. अपघातात त्यांचे पाय गेले, तेव्हापासून ते व्हीलचेअरवर. भाषण करणं त्यांना आवडायचं नाही. कुठल्याही सोसायटीत गेलं की विचारायचे, “चहा कुणाच्या घरी?” जे घर सांगतील तिकडे निघायचे आणि जिथे खुर्ची अडेल तिथे थांबून म्हणायचे, “माझा चहा इथं अडकला बघा.” मग तिथेच टेप काढून शिकवणं सुरू. कधी फाटकाच्या पायरीशी, कधी लिफ्टच्या दारात. लोक हसायचे आणि हसता हसता शिकायचे.

आता अक्का. त्या मूळच्या पिशोर गावच्या. नवरा गेल्यावर मुलीकडे राहायला आल्या, आपल्या मजल्यावर अगदी टोकाच्या घरात. साखरेच्या आजारानं त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता, पण हात शेतकऱ्याचे. खुर्ची स्वतः चालवायच्या. मुलगी आणि जावई सकाळी नोकरीला गेले की संध्याकाळपर्यंत त्या घरात एकट्या. त्यांना एवढंच हवं होतं की मनात येईल तेव्हा लिफ्टनं खाली जावं आणि आवारातल्या कडुलिंबाखाली भाजी निवडत बसणाऱ्या बायकांत बसावं.

लिफ्ट चांगली होती, रॅम्पही होता. मधे पॅसेज होता आणि पॅसेजमध्ये ड्रम होते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, गच्चीवरची टाकी लवकर संपते आणि घरं लहान. त्यामुळे प्रत्येक दारापुढे निळे ड्रम. भरलेला ड्रम एका माणसाला हलत नाही. अक्कांची खुर्ची आमच्या दारापर्यंतसुद्धा यायची नाही. त्यातला एक ड्रम आमचा होता.

त्यांचा मुलगा वाळूजला कारखान्यात. त्याचं घर तळमजल्यावर होतं आणि पुढची खोली त्यानं आईसाठी रिकामी ठेवली होती. अक्का ‘येते, येते’ म्हणत लांबवायच्या, कारण मुलगी इथे, ओळखी इथे.

एकदा आपल्याच सोसायटीनं मला म्हटलं, जगाला शिकवता, आम्हालाही शिकवा. मी इंजिनिअरसाहेबांना बोलावलं. आदल्या दिवशी सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, “बाई, तुमची इज्जत ती आमची. उद्या पॅसेज चकाचक.” पाणी यायचं होतं, त्यामुळे ड्रम रिकामेच होते. मुलांनी ते गच्चीवर नेले. तुमची आजी शिस्तीची, म्हणून खडू घेऊन मी प्रत्येक ड्रमवर घराचा नंबर घातला, खाली आणताना घोटाळा नको म्हणून. हे ड्रम परत खाली येणार हे मला किती नक्की ठाऊक होतं, ते यावरून समजा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “चहा कुणाच्या घरी?” सेक्रेटरींनी मोठ्या तोऱ्यात अक्कांचं घर सांगितलं. खुर्ची कुठेही अडली नाही. साहेब अक्कांच्या दारात पोचले, चहा प्यायले आणि कमिटीला म्हणाले, “इतकी सरळ वाट मी या शहरात पाहिली नाही. आज शिकवू काय?”

मी बाजूलाच उभी होते.

अक्का त्यांच्या मागोमाग खुर्ची घेऊन पॅसेजमध्ये आल्या. लिफ्टपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. “व्हय हो साहेब, हे रोज असंच राहनार का?”

“राहणारच. नियम आहे. तुमची वाट कुणाला अडवता येत नाही.”

अक्कांनी ते ऐकलं, पण पाहिलं माझ्याकडे. साहेब परके, मी शेजारीण. मी होकारार्थी मान हलवली. कमिटीसमोर आणि साहेबांसमोर मला दुसरं काही करवलं नाही.

त्या संध्याकाळी अक्का लिंबाखाली बसून आल्या आणि दार उघडं ठेवूनच मुलाशी फोनवर बोलत होत्या. “त्या खोलीत भाडेकरू ठिव बाबा. माजी वाट झाली मोकळी. हितंच बरं हाय मला.” मी आमच्या स्वयंपाकघरात हे ऐकलं. जाऊन सांगायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं की उद्या सगळ्यांशी बोलू, ड्रम आत घ्यायला लावू, मग अक्कांना काही सांगायची वेळच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नळ आला. मी दुपारी बाहेर आले तोवर ड्रम आपापल्या जागी होते, भरलेले. एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. टोकाचं दार उघडलं, अक्कांनी पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं.

मी त्यांच्याकडे गेले. ड्रमांच्या मधून मला तिरकं होऊन जावं लागलं. त्या म्हणाल्या, “पानी लागतंच की, बाई. मी का पान्याच्या आड येऊ?” आणि मला चहा केला. तो कसा प्यायले ते मला माहीत.

आमचा ड्रम मी आत घेतला. तुमच्या आजोबांच्या आरामखुर्चीची जागा गेली. मग मी बैठक बोलावली. शेजारची म्हणाली, “बाई, तुम्ही दोघं माणसं. आमच्यात सहा. मी ड्रम कुठं ठेवू, पलंगावर?” कुणीतरी मागून म्हणालं, “नियमानं हंडा भरत नाही.” सगळे हसले. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ज्या बाईनं स्वतः खडूनं नंबर घातले तिनं वर तोंड करून काय सांगायचं?

वाळूजची खोली भाड्यानं गेली होती. करार वर्षाचा.

मी इंजिनिअरसाहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, लोक मला फसवतात त्याची सवय आहे. तुम्ही तर माझ्या बाजूच्या होतात.” रागावले नाहीत. पुढच्या सोसायटीची तारीखही सांगितली. मीच गेले नाही. कुठल्या तोंडानं लोकांच्या पॅसेजमध्ये उभी राहणार होते?

ते वर्ष अक्का पाण्याच्या हिशेबानं बाहेर पडल्या. पाणी संपत आलं, ड्रम हलके झाले, की मी ते एकेक करून भिंतीला सरकवायची आणि त्या खाली जायच्या. नळ आला की पुन्हा आत. सगळा मजला पाण्याची वाट पाहायचा. टोकाच्या त्या घरात पाणी आलं की दार बंद व्हायचं.

करार संपला तसा मुलगा न्यायला आला. कपाट आणि पलंग बाहेर काढायचा होता. आदल्याच दिवशी नळ आलेला. पण चौघाजणांनी भरलेले ड्रम तिरपे केले, गोल फिरवत जिन्याकडे नेले आणि थोड्या वेळात वाट रिकामी झाली. सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, “अक्का, आधी म्हणायचं होतं. रोज सरकवले असते.”

“वाट का मागून घ्यायची असती, बाबा?” अक्का म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दिवाळीनंतर मी वाळूजला गेले. अक्का घरात नव्हत्या. सून म्हणाली, “घरात कुठं सापडत्यात त्या आता. कोपऱ्यावर गेल्यात भाजीला, येतील. बसा.” मी दारात खुर्ची घेऊन बसले. पुढे सपाट रस्ता होता, शिफ्टच्या बस जात होत्या. असं मनाला येईल तेव्हा बाहेर जाणं त्यांना वर्षभर आधीच मिळालं असतं. मी मान हलवली नसती तर त्यांनी ती खोली सोडली नसती.

खूप वेळानं त्या आल्या, मांडीवर मेथीची जुडी, तोंडावर ऊन. मला पाहून लांबूनच हसल्या.

“लई वेळ झाला का येऊन, बाई?”

“छे,” मी म्हटलं, “आत्ताच आले.” हेसुद्धा खरं नव्हतं.