आप्पांचं गाळलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, मंडळात नाही. ज्यांच्याशी पहिल्यांदा बोलायला हवं होतं ते आप्पा या हिवाळ्यात गेले. आणि आता आपल्या संस्थेच्या वार्षिक अंकासाठी त्यांच्यावर चार शब्द लिहायचं काम माझ्याकडंच आलंय. नवे सचिव फोनवर म्हणाले, 'मॅडम, तुम्हीच लिहा. बैठकीत त्यांच्या शेजारी तुम्हीच बसत होता की.'

बसत होते. तेच तर सांगायचंय.

तुमच्यातल्या नव्या मंडळींनी आप्पांना पाहिलं नसेल. खानापूरचे जनावरांचे डॉक्टर. जंगलातल्या वाड्यांवर मोटरसायकल जाईल तिथवर मोटरसायकलनं, पुढं चालत जायचे. माणसांना 'काय रं' म्हणायचे आणि म्हशींना 'आक्का'. 'थांब की गं आक्का, जरा टोचतंय,' असं म्हणत सुई कधी घातली ते म्हशीला कळायचंही नाही. जिल्ह्यातल्या पशुवैद्यांची ही संस्था त्यांनी आणि बैलहोंगलच्या दोघातिघांनी मिळून उभी केली. तेव्हा एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बैठका होत. मी नंतर आले. निपाणीची, बेंगळुरूला पुढचं शिकलेली, हातात कायम पुस्तक. मला मंडळावर घ्या असा आग्रह आप्पांनीच धरला होता.

मंडळाची एक रीत होती, ती आधी सांगते. आता ती मोडलीय. आपल्या भागात भाषेवरून केव्हा काय पेटेल सांगता येत नाही, म्हणून जुन्या लोकांनी ठरवलं होतं — ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलायचं, आणि शेजारी बसलेल्यानं ते दुसऱ्या भाषेत सांगायचं. मराठीचं कन्नड, कन्नडचं मराठी. आणि शेजाऱ्यानं सांगितलेलं तेच मंडळानं धरायचं. मधेच कुणी 'मला कळलंय, असं नाही म्हणाले ते' असं म्हणायचं नाही. थोडंथोडं सगळ्यांनाच कळायचं, पण अर्धवट कळण्यातूनच भांडणं होतात, असं आप्पा म्हणत. ही रीत त्यांचीच कल्पना. शेजारी म्हणून त्यांनी मला निवडलं.

माझं कन्नड चांगलं आहे. त्यांचं बाजारातलं होतं — घेणं-देणं, दूध-दावण, खुशाली. बैठकीतलं कन्नड त्यांना बोलता यायचं नाही.

पण कळायचं. हे मला पक्कं ठाऊक होतं. हे वाक्य लिहायला मला अख्खी सकाळ लागली, म्हणून ते इथंच राहू दे.

आता मे महिन्यातली ती सकाळ. पाऊस लागायच्या आधी घटसर्पाची लस द्यावी लागते, नाहीतर पहिल्या ओल्या दिवसांत म्हशींचे गळे सुजतात आणि बघता बघता जनावर जातं. संस्थेनं कणकुंबीच्या पलीकडच्या वाड्यांसाठी शिबिर ठेवलं होतं. बेळगावातून लसीचा डबा घेऊन यायचं काम माझ्याकडं होतं. बर्फ घातलेला, पट्टा लावलेला डबा. तो गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि निघाले. टिळकवाडीत एका सभागृहावर जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनाचा फलक दिसला.

एक मिनिट, असं स्वतःला म्हटलं होतं का मी? बहुधा म्हटलं असेल. सगळेच म्हणतात. आत पंखे होते, टेबलांवर पुस्तकांच्या चळती होत्या, आणि मी शाळकरी मुलगी असल्यासारखी एकेका टेबलापाशी रमत गेले. गाडी उन्हात होती. काचा बंद होत्या. डबा मला आठवला नाही असंही नाही — एकदा आठवला, आणि मी म्हटलं, एवढं काय होतंय. हातात एक प्रवासवर्णन होतं. ते घेतलं. अजून माझ्या कपाटात आहे. मी ते कधी उघडलेलं नाही.

खानापुरात आप्पा वाट बघत उभे होते. डबा घेतला, झाकण उघडलं, आत हात घातला. 'मॅडम, बर्फाचं पाणी झालंय की.'

मी म्हटलं, 'आत्ताच वितळलाय. चालतंय.'

'तुमी शिकलेल्या हायसा,' असं म्हणाले आणि झाकण लावलं. ते टोचून बोलले का? नाही. खरंच तसं समजायचे ते, आणि तेच मला तेव्हा सोयीचं होतं. तिकडं माणसं जनावरं घेऊन पहाटेपासून रानातून चालत आली होती. त्यांना परत पाठवायचं सगळ्यांच्या जिवावर आलं. आप्पांच्याही. शिबिर झालं.

मग पाऊस आला, आणि त्याच वाड्यांवरच्या म्हशी मेल्या. सगळ्या नाही. पण एका बाईच्या दावणीतल्या होत्या नव्हत्या त्या दोन्ही गेल्या, आणि ती बाई बेळगावला मंडळापुढं येऊन उभी राहिली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, 'टोचून घेतलं तरी मेल्या. मग टोचलं कशाला?' तिला दुसऱ्या खोलीत चहा दिला आणि मंडळाची बैठक सुरू झाली.

त्या दिवशी मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. सदलग्याचे सभासद दूधगंगेच्या पुरामुळं अडकले होते. अध्यक्षांनी आप्पांना विचारलं, काय झालं सांगा. शिबिर त्यांच्या हाताखाली होतं, तेव्हा त्यांनाच विचारणार. आप्पा उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, नेमकं काय झालं तेवढंच सांगा. आणि आप्पांनी तेवढंच सांगितलं. शब्द जसेच्या तसे आठवतात मला — आठवायचे नाहीत असं ठरवूनही.

'डबा माझ्या हातात आला तवाच बर्फ वितळला होता. तरी मी शिबिर थांबवलं न्हाय. ते माझं चुकलं.'

डबा कुणी आणला, ते त्यांनी सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, 'मॅडम, सांगा.' आणि खाली बसले.

कळतंय ना तुम्हाला त्यांनी काय केलं? त्यांनी दार उघडून दिलं. पहिलं वाक्य मी कन्नडमध्ये सांगितलं असतं तर अध्यक्षांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता — डबा कुणी आणला? आणि मग मला उभं राहून 'मी' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी आपल्या वाट्याची चूक आपल्याकडं घेतली होती. माझ्या वाट्याची माझ्यासाठी ठेवली होती.

मी कन्नडमध्ये सांगितलं, बर्फ वितळला होता, तरी मी शिबिर थांबवलं नाही, माझं चुकलं. रीतीप्रमाणं, त्यांच्या जागी 'मी' म्हणून. 'डबा माझ्या हातात आला तवाच' एवढं गाळलं. वाक्याचा तुकडाच म्हणा हवं तर. पण तो गेला आणि ते वाक्यच उरलं नाही — त्याच्या जागी दुसरंच उभं राहिलं. बर्फ त्यांच्याकडं वितळला, असं.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादी म्हैस अचानक लाथ मारते तेव्हा बघायचे तसं — अरे, ही अशी नव्हती. मग टेबलाकडं बघत बसले. रीत त्यांचीच होती: शेजाऱ्यानं सांगितलं ते धरायचं, मधे बोलायचं नाही. त्या दिवशी त्यांनी ती मोडली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी मोडली नाही.

मंडळानं ठराव केला. आप्पांनी मंडळातून बाहेर व्हावं, संस्थेच्या शिबिरात पुन्हा भाग घेऊ नये. मंजुरीसाठी हात वर झाले. माझाही झाला. हे लिहितानाही मला थांबून पुन्हा आठवून बघावंसं वाटलं — खरंच झाला होता? झाला होता.

जिन्यात ते माझ्यापुढं होते. वळले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, असंही वाटलं. ते म्हणाले, 'मॅडम, पाऊस हाय. तुमची निपाणीची बस सुटंल.' त्या दिवशी मी गाडी आणली नव्हती, हे त्यांच्या ध्यानात होतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातलं मी फारसं पाहिलं नाही. पाहायला गेलेच नाही. खानापुरात बातमी पोचली की डॉक्टरनं बेळगावात आपली चूक कबूल केली. वाड्यांवरचे लोक दुसऱ्या डॉक्टरांकडं जायला लागले. जे जायचे नाहीत तेही लस टोचून घेताना आधी डब्यात हात घालून बघायचे. ज्या माणसानं म्हशीला आक्का म्हणून टोचलं, त्याच्यापुढं लोक डबा तपासायचे. मंडळात त्यांची खुर्ची कुणी दुसऱ्यानं घेतली. मी सचिव झाले, मग अध्यक्ष झाले. आजही आहे.

आप्पा संत नव्हते, आणि मी त्यांना इथं संत करणार नाही. ते माझ्यावर रागावले होते, आणि शेवटपर्यंत रागावलेलेच राहिले. दरवर्षी फणस पाठवायचे, ते बंद केलं. कुठं भेटले तर 'अध्यक्षीणबाई' म्हणायचे, तोंड भरून. एकदा कोल्हापूर रस्त्यावरच्या एका लग्नात सगळे डॉक्टर एका पंगतीत बसलो होतो. कोकम सरबत आलं. वाढणाऱ्याला आप्पा मोठ्यानं म्हणाले, 'मॅडमना बर्फ घालू नगंस रं. त्यांच्यापाशी टिकत न्हाय.' सगळी पंगत हसली, उन्हाळ्यावरच विनोद आहे असं समजून. मीही हसले. ते हसले नाहीत. मी आता तरी खरं सांगते का, हे ते बघत होते. मी सरबत प्याले.

इतकी वर्षं मी स्वतःला काय काय सांगितलं, तेही कळू दे. मी खोटा शब्द एकही बोलले नाही — फक्त एक कमी बोलले. तेवढ्या उन्हानं लस मेलीच असेल असं कुठं सिद्ध होतं? शिबिर थांबवायचा अधिकार त्यांचा होता. मी तरुण होते, बाई होते, मंडळात एकटी बाई होते, माझं नाव गेलं असतं तर परत आलं नसतं. यातलं बरंचसं खरंही असेल. पण त्या बैठकीत मला एवढंच विचारलं होतं की आप्पा काय म्हणाले. ते मला ठाऊक होतं.

शोकसभेत मी बोलले. चांगलं बोलले म्हणे. त्यांच्या पत्नी सुशीलाक्का पहिल्या रांगेत होत्या, सगळं ऐकत होत्या. सभा संपल्यावर मी त्यांचे हात हातात घेतले. त्या म्हणाल्या, 'लई चांगलं बोललासा, मॅडम.' मग हात सोडवून घेत, पदर सारखा करत, 'तेवढं ऱ्हायलं.'

काय राहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. निपाणीपर्यंत गाडी चालवताना माझं ठरलं.

तेव्हा स्मृतिलेखाच्या जागी हे छापावं. सुशीलाक्कांकडं मी उद्या सकाळी जातेय, छापून यायच्या आधी. त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर दारातच सांगेन. ती दोन म्हशींवाली बाई कुठल्या वाडीवर असते ते विचारून ठेवलंय. तिथून पुढं तिच्याकडं. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं, आणि मी तिला चहा प्यायला पाठवलं. येत्या बैठकीत अध्यक्षाची खुर्ची सोडतेय. आप्पांवरचा तो ठराव रद्द करण्यासाठी मंडळापुढं ठेवला जाईल; त्यावर मी हात वर करणार नाही, कारण तो हक्क मी त्याच दिवशी वापरून संपवला.

अंक नेहमीप्रमाणं दोन्ही भाषांत निघेल. याचं कन्नड मी करणार नाही. सचिव करतायत. ते छापायच्या आधी मी वाचूनही बघणार नाही.

एकच वाक्य मी स्वतः लिहून दिलंय, कारण ते सांगायचं काम माझ्यावर सोपवलं होतं आणि अजून माझ्याकडंच पडून आहे. डब्बी नन्न कैगे बंदागले बर्फ करगित्तु. डबा माझ्या हातात आला तवाच बर्फ वितळला होता — हे आप्पांचं.

आणि त्याच्याखाली माझं. तो डबा मी आणला होता.